लोकसमूहांच्या डीएनएची तुलना पहिल्यांदा करताना: बडोद्यातल्या कामावरून लिहिलेल्या सूचना

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी बडोद्यातल्या मराठी कुटुंबांच्या डीएनएवर प्रकल्प केला. सगळं कठीण काम यंत्रापाशी असेल असं मला वाटत होतं. यंत्र आठवड्याभरात हाताशी आलं. पण फॉर्मवरच्या ‘समूह’ या रकान्यात काय लिहायचं, याचं उत्तर सापडेपर्यंत दोन महिने गेले आणि तोवर गोळा केलेले काही नमुने बाद करावे लागले. आता धाकटी मुलं हाच विषय घेऊन विचारायला येतात. त्यांना जे तोंडी सांगते, तेच इथे क्रमाने मांडते आहे.

आधी न्यायवैद्यकाला या तुलनेची गरज का पडते ते समजून घ्या. घटनास्थळी सापडलेल्या डागाचा डीएनए संशयिताशी जुळला, एवढं सांगून न्यायालयाचं समाधान होत नाही आणि होऊ नये. पुढचा प्रश्न असतो, ‘असाच डीएनए दुसऱ्या कोणाचा असण्याची शक्यता किती?’ उत्तर काढायला डागातल्या डीएनएचे प्रकार, म्हणजे त्याचे अ‍ॅलील लोकांमध्ये किती वेळा आढळतात हे माहीत लागतं. ‘लोक’ म्हणजे नेमके कोण, यावर उत्तर बदलतं. तुमचं सगळं काम या एका शब्दाभोवती फिरणार आहे.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा, मग मार्कर निवडा

मार्गदर्शकांकडे जाण्याआधी वहीत एक वाक्य लिहा. ‘मला या समूहातली अ‍ॅलील-वारंवारता काढायची आहे’ हा एक प्रश्न. ‘हे दोन समूह एकमेकांपासून किती वेगळे आहेत’ हा दुसरा. ‘पितृवंशाच्या रेषा किती आणि कुठून आल्या’ हा तिसरा. कोणते मार्कर, म्हणजे डीएनएतल्या कोणत्या खुणा, तपासायच्या ते प्रश्नावर ठरतं.

ओळख पटवण्यासाठी जगभर वापरतात ते ऑटोसोमल (एक्स-वाय सोडून बाकी गुणसूत्रांवरचे) एसटीआर, म्हणजे डीएनएतले तीन-चार-पाच अक्षरांचे तुकडे, जे एकापाठोपाठ पुन्हा पुन्हा येतात. कोणाकडे तुकडा ७ वेळा, कोणाकडे ११ वेळा. ही संख्या म्हणजेच अ‍ॅलील. अमेरिकेच्या कोडिस या गुन्हेतपासाच्या डीएनए यंत्रणेत सुरुवातीला १३ लोकस, म्हणजे डीएनएवरच्या तपासायच्या ठरावीक जागा, होते; १ जानेवारी २०१७ पासून ते २० झाले. आजची बहुतेक किट हे २० धरूनच बनवलेली असतात.

वाय-एसटीआर, म्हणजे पुरुषांतल्या वाय गुणसूत्रावरचे एसटीआर, बापाकडून मुलाकडे जसेच्या तसे जातात, म्हणून एका भावकीतल्या सगळ्या पुरुषांचा वाय-प्रोफाइल, म्हणजे सगळ्या लोकसच्या आकड्यांचा संच, बहुधा एकच निघतो. वंशाची रेषा पाहायला ते उत्तम, एका माणसाची ओळख पटवायला अपुरे. मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे जातो तो फक्त मुलींकडून. कुजलेल्या अवशेषांत, मुळाशिवायच्या केसात तोच हाताला लागतो. एसएनपी, म्हणजे डीएनएतल्या एकाच अक्षराचे फरक, मात्र लोकसमूहांचा उगम शोधायला एसटीआरपेक्षा कितीतरी उपयोगी, कारण ते फार हळू बदलतात. एसटीआरमध्ये एका पिढीत एका लोकसला बदल होण्याची शक्यता साधारण हजारात एक असते.

पहिल्या प्रकल्पाला ऑटोसोमल एसटीआरच घ्या. किट मिळतं, तुलनेला छापील आकडेवारी मिळते आणि गणित हाताने करून पाहता येतं.

२. नमुन्याला हात लावण्याआधी परवानगी

संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मान्यता हातात पडेपर्यंत एकही नमुना घेऊ नका. घेतलात तर तो कायमचा निरुपयोगी होतो, कारण मागच्या तारखेची मान्यता मिळत नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं एकदा पूर्ण वाचा. अर्ज त्यांच्याच भाषेत लिहिला की समितीचे प्रश्न कमी होतात.

अर्जासोबत आणि फाइलमध्ये एवढं लागेल:

- प्रकल्पाचा आराखडा, नमुन्यांची संख्या आणि ती संख्या का ठरवली याचं कारण
- माहितीपत्रक आणि संमतिपत्र, सहभागी माणूस वाचतो त्या भाषेत
- वंशावळीचा छोटा फॉर्म (तिसऱ्या पायरीत सांगते)
- नमुन्याला कोड कसा देणार, नाव आणि कोड जोडणारी यादी कोणाच्या ताब्यात राहणार
- प्रकल्प संपल्यावर उरलेल्या डीएनएचं काय करणार
- मार्गदर्शकांचं आणि प्रयोगशाळेचं संमतीचं पत्र

संमतिपत्राची भाषा हा बडोद्यात खरा प्रश्न आहे. घरात मराठी बोलणारी कितीतरी तरुण मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली असतात. बोलतात अस्खलित, पण मराठीतला कायदेशीर मजकूर वाचताना अडतात. म्हणून मराठी आणि गुजराती अशा दोन्ही प्रती घेऊन जा.

डीएनए तंत्रज्ञान नियमनाचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि २०२३ मध्ये सरकारने ते मागे घेतलं. त्यामुळे लोकांनी विश्वासाने दिलेल्या माहितीची राखण मुख्यतः तुमच्या संमतिपत्रातल्या शब्दांवर आहे. ‘हे नमुने पोलिसांना दिले जाणार नाहीत’ असं लिहायचं असेल, तर ते पाळता येईल याची समितीकडून आधी खात्री करून घ्या आणि मगच लिहा.

दांडिया बाजारातल्या एका वाड्यात मी माहितीपत्रक वाचून दाखवत होते. आजींनी चष्मा पुसत शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे आम्ही मूळचे सातारचे की कोकणातले, ते सांगशील ना गं?” मी म्हटलं, “नाही आजी, या तपासणीतून ते कळत नाही.” त्यांचा चेहरा जरा उतरला. तरी सही केली. हा प्रश्न तुम्हालाही हमखास येणार. उत्तर सहीच्या आधी द्या.

३. नमुने कोणाचे घ्यायचे: इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या

‘बडोद्यातले मराठी’ हा शब्द ऐकायला एक समूह वाटतो. पण अठराव्या शतकात गायकवाडांच्या पाठोपाठ आलेली घराणी वेगळी, संस्थानच्या नोकरीसाठी पुढे आलेली वेगळी, आणि स्वातंत्र्यानंतर रिफायनरी आणि कारखान्यांमुळे आलेली वेगळी. खुद्द सयाजीराव महाराज १८७५ मध्ये दत्तक आले ते नाशिककडच्या कवळाण्याहून. कोणाचं मूळ देशावर, कोणाचं कोकणात, कोणाचं खानदेशात. त्यात जातीबाहेर लग्नं पिढ्यान्‌पिढ्या कमीच. असे वेगवेगळे गट एकाच पिशवीत घातले की विषमयुग्मी, म्हणजे आई-बापांकडून दोन वेगळे अ‍ॅलील मिळालेली माणसं, अपेक्षेपेक्षा कमी दिसू लागतात. याला वाह्लुंड परिणाम म्हणतात. यंत्रात काही बिघाड नसतो, आपणच दोन गट एक समजलेलो असतो.

म्हणून फॉर्मवर नुसतं आडनाव आणि जात लिहून थांबू नका. एवढं विचारा: चारही आजी-आजोबांचं मूळ गाव, घरात बोलली जाणारी भाषा, माहेरचं आडनाव, आईचं माहेरचं आडनाव, आणि आई-वडिलांचं लग्नाआधी नातं होतं का. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्नाची रीत बऱ्याच घरांत होती. अशा घरांत समयुग्मी, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकच अ‍ॅलील आलेली माणसं, थोडी जास्त निघतात. त्यांना वगळायचं नाही, पण नोंद हवी.

माहेरच्या आडनावाचा रकाना माझ्या पहिल्या फॉर्ममध्ये नव्हता. नमुना ४१ दांडिया बाजारातला, नमुना ६७ मांजलपूरचा, आडनावं निराळी, पत्ते निराळे. सगळे प्रोफाइल तयार झाल्यावर एकेक जोडी तपासत बसले, तेव्हा या दोघींमध्ये प्रत्येक लोकसला किमान एक अ‍ॅलील सारखा. एखाद-दोन ठिकाणी असता तर योगायोग म्हटला असता, पण सगळ्याच ठिकाणी होता. त्या मायलेकी होत्या. फॉर्म बदलला आणि सगळ्यांकडे पुन्हा जाऊन विचारलं. आणखी चार जोड्या निघाल्या. वारंवारता काढताना नमुने एकमेकांच्या नात्यातले नसावेत हा पहिला नियम आहे, आणि लग्नानंतर बदलणारं आडनाव तो सहज मोडतं.

दुसरा सापळा गणेशोत्सवाचा. मंडपात शंभर माणसं एका जागी भेटतात, सगळी उत्साहात असतात, नमुने भराभर मिळतात. पण एका मंडळातली माणसं म्हणजे बहुधा एका गल्लीतली, एकमेकांच्या सोयरिकीतली. मंडपात ओळखी करून घ्या आणि नमुने निरनिराळ्या भागांतल्या घरी जाऊन घ्या.

छोटा उदयपूरकडच्या राठवा किंवा भिल्ल समाजाशी तुलना करायची असेल, तर तिथे आधी गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोला. संमती प्रत्येक माणसाची स्वतंत्र घ्यायचीच, पण गावाला न विचारता दारोदार फिरणं हा अपमान आहे.

४. घासणी, पाकीट, पावसाळा

गालाच्या आतल्या बाजूचा स्वॅब पुरतो, रक्ताची गरज नाही. माणसाने अर्धा तास आधी काही खाल्लेलं नसावं. सकाळी सेव उसळ खाऊन आलेल्या किंवा मावा चघळणाऱ्या माणसाला चूळ भरायला लावून थोडं थांबायला सांगा, कारण त्या पदार्थांतली द्रव्यं पुढे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडवतात. दोन्ही गालांना दोन वेगळे स्वॅब घ्या, एक राखीव.

स्वॅब सावलीत पूर्ण वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये बडोद्यातल्या दमट हवेत ओला स्वॅब प्लॅस्टिकमध्ये ठेवला तर बुरशी धरते आणि डीएनए तुटतो. सिलिका जेलची पुडी सोबत टाका. पाकिटावर कोड आणि तारीख, नाव नको.

५. डीएनए काढणं आणि मोजणं

ही पायरी प्रयोगशाळेतले वरिष्ठ एका दिवसात शिकवतील. फिनॉल-क्लोरोफॉर्म असो वा स्तंभाचं किट, तुमच्याकडे रुळलेली पद्धत वापरा. प्रत्येक तुकडीसोबत एक कोरा स्वॅब सगळ्या पायऱ्यांतून न्या. शेवटी त्यात डीएनए निघाला, तर ती संपूर्ण तुकडी पुन्हा करावी लागते. मोजणी टाळू नका. डीएनए गरजेपेक्षा जास्त घातला की शिखरं (कॅपिलरी यंत्राच्या आलेखात अ‍ॅलील दाखवणारे उंचवटे) छतावर आदळतात आणि एका रंगाचं शिखर दुसऱ्या रंगात उमटतं. कमी घातला तर दोनपैकी एक अ‍ॅलील गायब होतो आणि विषमयुग्मी माणूस समयुग्मी दिसतो.

६. पीसीआर, कॅपिलरी आणि शिखरं वाचणं

प्लेटमध्ये धन नियंत्रण (माहीत असलेला डीएनए) एका टोकाला आणि ऋण नियंत्रण (डीएनए नसलेलं) समोरच्या टोकाला ठेवा, म्हणजे एक ए१ या पहिल्या खळग्यात तर दुसरं एच१२ या शेवटच्या खळग्यात. एकदा नमुने दुसऱ्या प्लेटमध्ये भरताना माझी प्लेट उलटी धरली गेली. ऋण नियंत्रणाच्या जागी स्वच्छ प्रोफाइल आणि धन नियंत्रणाच्या जागी काहीच नाही, असं दिसलं आणि चूक त्याच संध्याकाळी सापडली. नियंत्रणं ठेवलीच नसती, तर ९४ लोकांचे प्रोफाइल भलत्याच कोडवर गेले असते.

शिखरं वाचताना तीन गोष्टी पाहा. खऱ्या शिखराच्या एक आवर्तन अलीकडे एक बुटकं शिखर दिसतं. तो स्टटर, म्हणजे नक्कल करताना एक तुकडा गळाल्याची खूण. त्याला अ‍ॅलील समजू नका. दुसरं, लॅडरच्या (माहीत असलेल्या अ‍ॅलीलांच्या मोजपट्टीच्या) कोणत्याही पायरीत न बसणारं शिखर आलं तर नमुना पुन्हा चालवा. पुन्हा तेच आलं तर तो दुर्मीळ अ‍ॅलील असू शकतो, आणि त्याची नोंद मोलाची आहे.

तिसरी गोष्ट आपल्याकडे विशेष जपायची. अ‍ॅमेलोजेनिन हा लिंग ओळखण्याचा मार्कर. काही भारतीय पुरुषांत वाय गुणसूत्रावरचा त्याचा भागच नसतो, हे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. अशा पुरुषाचा नमुना स्त्रीचा असल्यासारखा दिसतो. फॉर्मवर ‘पुरुष’ आणि प्रोफाइलमध्ये फक्त एक्स असं आलं, तर अदलाबदल झाली असं लगेच ठरवू नका. किटमधला दुसरा वाय मार्कर पाहा.

७. तक्ता भरणं

एक्सेल उघडल्यावर सगळ्यात आधी रकान्यांचं स्वरूप ‘मजकूर’ करा. टीएच०१ या लोकसला ९.३ नावाचा अ‍ॅलील आहे: नऊ पूर्ण तुकडे आणि वर तीन अक्षरं. तो १० पेक्षा एका अक्षराने आखूड असतो आणि लोकांमध्ये भरपूर आढळतो. संगणकाच्या मांडणीनुसार एक्सेल ‘९.३’ ची तारीख करून टाकतं, आणि दोनशे ओळींच्या खाली गेल्यावर ते लक्षात येत नाही. विश्लेषणाच्या काही संगणक प्रणालींना दशांश चालत नाही. तिथे सगळ्याच अ‍ॅलीलांना दहाने गुणा: ९ चे ९०, ९.३ चे ९३. फक्त ९.३ चं ९३ केलं आणि ९ तसंच ठेवलं, तर आवर्तनांतल्या अंतरावर बेतलेली सगळी मापं बिघडतात. न मिळालेल्या अ‍ॅलीलासाठी कोणतं चिन्ह वापरायचं ते प्रत्येक प्रणालीत वेगळं आहे. जेनअलेक्समध्ये ० चालतं, अर्लेक्विनमध्ये प्रश्नचिन्ह लागतं.

तक्ता दोघांनी स्वतंत्र भरा आणि जुळवून पाहा.

८. वारंवारता आणि हार्डी-वाइनबर्ग, एकदा हाताने

समजा १०० माणसं. प्रत्येकाचे दोन, म्हणजे २०० अ‍ॅलील. त्यात ९.३ चाळीस वेळा दिसला, तर वारंवारता ०.२०. हार्डी-वाइनबर्ग समतोल म्हणजे हेच: लग्नं यादृच्छिक होत असतील, तर दोन्ही बाजूंनी ९.३ मिळालेली माणसं ०.२० × ०.२०, म्हणजे शंभरात ४ असावीत. प्रत्यक्षात ११ निघाली तर कारण शोधायचं: अ‍ॅलील गळाले का, दोन गट मिसळले का, नात्यातली लग्नं आहेत का. हा क्रमही लक्षात ठेवा, कारण पहिलं कारण आपल्या हातातलं असतं.

वीस लोकसची वीस वेळा चाचणी केली की एखादीचं पी-मूल्य (एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) योगायोगानेच ०.०५ या नेहमीच्या सीमेखाली जातं. म्हणून सीमा विसाने भागून ०.००२५ धरतात. मुलं ही दुरुस्ती विसरतात आणि ‘समतोल बिघडला’ असं लिहून मोकळी होतात.

तुमच्या शंभर माणसांत एखादा अ‍ॅलील एकदाच दिसला, तर त्याची वारंवारता ०.००५ धरून न्यायालयात उभं राहू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९६ च्या अहवालाचा सल्ला आहे की पाचपेक्षा कमी वेळा दिसलेला अ‍ॅलील पाच वेळा दिसला असं मानावं. इथे ५ भागिले २००, म्हणजे ०.०२५. आरोपीच्या बाजूने चुकणं परवडतं, विरुद्ध चुकणं नाही.

९. दुसऱ्या समूहांशी तुलना

आता छापील आकडेवारी आणा आणि आधी सगळ्यांत समान असलेले लोकस काढा. तुमच्या किटमध्ये २१ आणि जुन्या अभ्यासात १५ असतील, तर तुलना त्या दोहोंत समान असलेल्या लोकसचीच.

गटांमधला फरक मोजायचं एफएसटी हे मुख्य माप. ० म्हणजे गटांत फरक नाही. १ येतं ते प्रत्येक गटात एकेकच अ‍ॅलील उरला असेल आणि तोही वेगळा असेल तर. एसटीआरमध्ये प्रत्येक गटाच्या आतच एवढी विविधता असते की एफएसटी मुळात लहानच येतो. ०.००५ दिसल्यावर ‘दोन्ही समाज एकच’ असं लिहिण्याचा मोह आवरा. जोडीला नेईचं अंतर (गटांमधल्या जनुकीय फरकाचं आणखी एक माप) काढा, बहुमितीय आलेख काढा. गटांचा वृक्ष काढलात तर बूटस्ट्रॅपचे, म्हणजे कोणती फांदी किती भरवशाची ते सांगणारे, आकडे दाखवल्याशिवाय तो छापू नका.

अर्थ लावताना दोन अभ्यास डोळ्यांसमोर ठेवा. लुवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की माणसांतली सुमारे ८५ टक्के जनुकीय विविधता एकेका समूहाच्या आतच असते. २००२ मध्ये रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ५२ समूहांतल्या १,०५६ लोकांचे ३७७ मायक्रोसॅटेलाइट (एसटीआरचंच दुसरं नाव) तपासले आणि हा हिस्सा ९३ ते ९५ टक्के निघाला. त्यांना खंडांप्रमाणे गट दिसले ते ३७७ मार्करांच्या जोरावर. वीस लोकसवर स्ट्रक्चर ही माणसांचे गट पाडणारी प्रणाली चालवून रंगीत पट्टे मिळतील, पण त्यावरून एखाद्या माणसाची जात किंवा जिल्हा सांगायला कोणी बसलं, तर ते साफ चूक आहे. कोणी अधिकारी तोंडी विचारेल, “डाग कोणत्या समाजाच्या माणसाचा आहे, अंदाज सांगा ना.” या मार्करांवरून सांगता येत नाही, असं लेखी उत्तर द्या. चुकीच्या अंदाजाने एका अख्ख्या वस्तीवर संशय येतो.

१०. न्यायालयासाठी आकडा

समजा डागात टीएच०१ चे ६ आणि ९.३ आहेत. एका समूहात वारंवारता ०.२५ आणि ०.२०. शक्यता २ × ०.२५ × ०.२० = ०.१०, दहात एक. दुसऱ्या समूहात ९.३ फक्त ०.०५ असेल, तर ०.०२५, चाळीसात एक. एका लोकसला एवढा फरक, आणि सगळ्या लोकसचे आकडे एकमेकांना गुणायचे असतात. म्हणून अहवालात कोणता संदर्भ-समूह घेतला ते पहिल्या पानावर लिहा. संबंधित समूहांचे आकडे काढून त्यातला आरोपीला सर्वांत अनुकूल, म्हणजे सर्वांत मोठी शक्यता देणारा आकडा मांडा.

समूहाच्या आत छुपी नाती असतात, त्यासाठी थीटाची दुरुस्ती आहे. समयुग्मी लोकसला वारंवारता ०.१० असेल तर साध्या गुणाकाराने ०.०१ येतो. थीटा ०.०३ घेतला तर ०.०१ + ०.१० × ०.९० × ०.०३ = ०.०१२७. त्याच १९९६ च्या अहवालात सर्वसाधारण समूहांसाठी ०.०१ आणि लहान, अलग राहिलेल्या समूहांसाठी ०.०३ सुचवलं आहे. आपल्या जातींतर्गत लग्नांची परंपरा पाहता मी ०.०३ घेते.

११. काम संपल्यावर

नाव आणि कोड जोडणारी यादी वेगळ्या कुलपात ठेवा, तक्त्याच्या फाइलसोबत कधीच नको. छापताना वारंवारतेचे तक्ते द्या. एकेकाचे प्रोफाइल द्यायचे असतील, तर संमतिपत्रात तसं लिहिलेलं असायला हवं. वाय-एसटीआर केले असतील तर वायएचआरडी, मायटोकाँड्रियल असेल तर एम्पॉप, ऑटोसोमलसाठी स्ट्रायडर, या डेटाबेसांकडून माहिती आधी तपासून घेतली की छापील चुका टळतात.

आणि सहभागी घरांना एक पानाचं मराठी टिपण द्या. मी ते घेऊन दांडिया बाजारातल्या आजींकडे गेले तेव्हा त्यांनी ते नातवाकडून मोठ्याने वाचून घेतलं, ‘९.३’ म्हणजे काय ते मला पुन्हा विचारलं आणि कागद घडी करून देवघराच्या खणात ठेवला.